काळ्या अक्षरामागे मी जिवंत आहे

मित्रांनो, मी एक जुनी लिंक आहे. अडीचशे पानांच्या एका वर्ड फाइलमध्ये राहते. माझ्यासारख्यांना तुम्ही रोज दाबता, पण आमची चौकशी कुणी करत नाही. म्हणून आज मीच बोलते. आणि आधीच सांगते, मी फार वैतागले आहे.

मला घडवलं भांडुपच्या दशरथकाकांनी. नोकरीतून निवृत्त झाल्यावर त्यांनी एकच ध्यास घेतला. टेकडीवरच्या राममंदिरात कुंडलिकबुवा वर्षानुवर्षं कीर्तन करत आले, त्यांची सगळी आख्यानं टाइप करून ठेवायची. पण शब्द टाइप होतात, चाल कशी होणार? म्हणून काकांनी बुवांचं गाणं फोनवर रेकॉर्ड केलं, इंटरनेटवर चढवलं आणि प्रत्येक पदापाशी त्या आवाजाचा पत्ता चिकटवला. सेतुबंधाच्या आख्यानात साकी नावाच्या जुन्या चालीचं जे पद आहे, त्याच्यापाशी मला.

जन्मले तेव्हा मी फार कुरूप होते हो. नुसते आकडे, टक्क्यांच्या खुणा आणि तिरक्या रेघा. तीन ओळी अडवून बसले होते. काका मला सरळ करायला गेले की पुढचं पद खालच्या पानावर घसरायचं. माझ्या बहिणींपैकी कुणी जाड, कुणी बारीक, एखादी दाबल्यामुळे जांभळी पडलेली. काका कपाळाला हात लावून बसायचे. शेवटी ते शिकले. पत्ता आत दडवायचा, वर फक्त शब्द ठेवायचा. साकीचा पहिला शब्द 'रघुवीर'. त्या नावामागे मला जागा मिळाली. निळा रंग आणि खाली एक नाजूक रेघ! माझ्याएवढं भाग्य कुणाचं?

बुवांनी मला दाबलं आणि स्वतःचाच आवाज ऐकून खूश झाले. म्हणाले, "दशरथा, हे तर घरबसल्या कीर्तन झालं रे!"

मग बुवांच्या घशाची शस्त्रक्रिया झाली. आवाज गेला, कुजबुज तेवढी उरली. त्यातच काकांचा तो फोन बिघडला आणि इंटरनेटवरच्या खात्याचा पासवर्ड काही केल्या आठवेना. आता बुवांच्या आवाजापर्यंत पोचायची वाट म्हणजे आम्ही लिंका. दुसरी नाही.

यंदा रामनवमीला बुवांची शिष्या श्रुतिका पहिल्यांदाच कीर्तनाला उभी राहणार होती. लोकांनाही मागे म्हणता यावं म्हणून पदांच्या झेरॉक्स काढायचं ठरलं. ते काम मंदिराच्या प्रेमामावशींकडे आलं. मावशींनी फाइल उघडली, सगळं एकदम निवडलं, रंग काळा केला, रेघा काढल्या आणि त्याच फाइलवर सेव्ह केलं. झालं!

काकांनी फाइल पाहिली आणि ओरडलेच. "प्रेमा, लिंका उडवल्यास तू!"

"ओरडतोस कशाला? झेरॉक्समध्ये निळं फिकं येतं, आज्यांना दिसत नाही. आणि देवाच्या नावाखाली रेघ मारतात काय? नापास केल्यासारखं!"

"मग दुसरी प्रत काढायची ना! वाट लावलीस सगळ्याची."

दोघांनी मिळून ठरवून टाकलं, की आम्ही गेलो. अहो, रंग गेला म्हणजे मी गेले का? मी तिथेच होते, त्याच नावामागे, पूर्ण पत्त्यासकट. कीर्तनाच्या पूर्वरंगात बुवा दरवर्षी सांगायचे, देव दिसत नाही म्हणून तो नाही असं समजू नका. तेव्हा हीच माणसं डोळे मिटून माना डोलवायची. आणि एका लिंकेवर तेवढाही विश्वास नाही!

रामनवमीच्या आदल्या दुपारी सगळे काकांच्या घरी जमले. श्रुतिका लॅपटॉपवर तीच फाइल उघडून साकी म्हणू लागली. बुवांनी मान हलवली. नाही. तिने चाल बदलली. पुन्हा नाही. बुवा हाताने वर-खाली दाखवत होते, पण स्वर काही हातातून येत नाही.

"बुवा, मी साकी नुसती वाचून दाखवते," श्रुतिका रडवेली झाली. "मला नाही सापडत."

बुवांनी मान खाली घातली. ती चाल त्यांना त्यांच्या गुरूंनी दिली होती. उद्या साकी नुसती वाचून दाखवली, की ती चाल संपली.

श्रुतिका शब्दांवरून बाण फिरवत पुन्हा म्हणू लागली. 'रघुवीर'वर बाण थांबला आणि मी जिवाच्या आकांताने माझी इवलीशी पाटी वर केली, 'कंट्रोल धरून क्लिक करा'.

"ते कायतरी येतंच सारखं," मावशी म्हणाल्या. "बाजूला घे गं."

तिने बाण बाजूला घेतला! मित्रांनो, मला तोंड असतं तर मी काय बोलले असते, ते रामाच्या फाइलीत लिहिण्यासारखं नाही.

पण पाटी बुवांनी पाहिली होती. त्यांनी श्रुतिकाचं मनगट धरलं आणि बाण परत माझ्यावर आणला.

"दाब," ते कुजबुजले.

आणि खोलीत बुवांचा भरला आवाज घुमला. मावशींनी तोंडाला पदर लावला. काका खुर्चीवरून उठून उभेच राहिले. श्रुतिका मात्र ऐकत होती, ओठ हलवत होती. तेवढ्यात बुवांनी हात वर करून थांबवायला लावलं.

"इथे मी चुकलोय," ते जेमतेम ऐकू येईल असं म्हणाले. "स्वर चढा लागलाय. तू खाली घे."

दुसऱ्या दिवशी श्रुतिकाने तो खाली घेतला. बुवा पहिल्या रांगेत बसून मांडीवर ताल धरत होते.

मला पुन्हा निळा रंग मिळाला. रेघ मात्र नाही, मावशींनी ऐकलं नाही. असू दे. पण माझ्या बहिणी अजून काळ्याच आहेत. "करू सवडीने," काका म्हणतात. मित्रांनो, कागदाला काळं हवं असेल तर कागदासाठी वेगळी प्रत काढा. आमचा रंग काढावाच लागला, तर शेजारी 'इथे आवाज आहे' एवढं तरी लिहा. आम्हाला हाक मारता येत नाही. आणि काकांना कुणी ओळखत असेल तर सांगा, सवड नंतर शोधा, आजच लॅपटॉप उघडा. बाकीच्या पदांतही बुवा कुठे कुठे चुकले असतील. ते सांगायला बुवाच हवेत.