साडेतीन वार पांढरं कापड

मी एक जुना गज आहे. शिसवीचा, दोन्ही टोकांना पितळी टोप्या असलेला, बरोबर एक वार लांबीचा. मित्रांनो, तुम्ही कापडाच्या दुकानात मीटरची पट्टी पाहिली असेल. माझ्या तरुणपणी मीटर कुणाला ठाऊक नव्हता. मांजरपाट असो, चीट असो की पोपलीन, सगळं कापड माझ्याच अंगावरून गिऱ्हाइकाच्या घरी जाई.

माझा जन्म सांगलीचा. तिथल्या एका सुताराने मला तासलं, रंधा मारला आणि काचेच्या तुकड्याने घासून घासून इतकं गुळगुळीत केलं, की माझ्यावरून घसरताना रेशमाचा धागासुद्धा कधी अडकला नाही. पुढे लोणंदच्या बाजारपेठेतले कापडदुकानदार चिंतामणराव मला घेऊन आले. काही दुकानदार मोजता मोजता अंगठा पुढे सरकवतात आणि बोटभर कापड खातात. चिंतामणरावांचा अंगठा कधी सरकला नाही. लोक म्हणत, "चिंतामणरावांचा गज म्हणजे देवाची शपथ." हे ऐकलं की मी सुखावून जाई.

पण एक गोष्ट सांगताना मला अजूनही अवघडल्यासारखं होतं. त्या काळी गावाबाहेरच्या वस्तीतल्या माणसांना दुकानाची पायरी चढू देत नसत. ती खाली उन्हात उभी राहत. चिंतामणराव त्यांचं कापड मोजत, फाडत आणि त्यांच्या पसरलेल्या हातांवर वरूनच टाकत. माप सगळ्यांना सारखं होतं. वागणूक सारखी नव्हती.

मग दिवस पालटले. वस्तीतल्या लोकांनी बाबासाहेबांच्या मागोमाग धम्म घेतला. त्यांची मुलं शाळेत जाऊ लागली, कुणी रेल्वेत लागलं, कुणी फौजेत गेलं. माझेही दिवस पालटले. सरकारने मीटर आणला. माझ्यापेक्षा चार बोटं लांब, चकचकीत, सरकारी शिक्का मारलेला. मी कोपऱ्यात गेलो. दुकानात शेळी शिरली की तिला हुसकायला आणि दाराची फळी अडवायला तेवढा माझा उपयोग उरला. माझी एक टोपी खिळखिळी झाली, अंगावर धूळ बसली. कुणाच्या लक्षातही आलं नाही.

अशात एका बाजारच्या दिवशी अंजना दुकानाची पायरी चढून वर आली. तिचा नवरा केरू फौजेत होता. वस्तीतल्या घरात ती, तिची सासू बनाबाई आणि लहानगी लेक शरयू अशा तिघी राहत. अंजना जुन्या मशीनवर लोकांचे कपडे शिवायची. ती सरळ गादीच्या कडेला बसली आणि ठाणाचं कापड दोन बोटांत धरून चोळून पाहू लागली. चिंतामणराव क्षणभर थबकले. मग त्यांनी दुसरं ठाण तिच्या पुढ्यात सरकवलं.

तिची नजर माझ्याकडे गेली. "ह्यो गज असाच पडून हाय व्हय? माझी टेप पार इरलीय बगा. मला अजून वारातच उमगतं."

"न्या की," चिंतामणराव म्हणाले. "माझ्या काही कामाचा नाही आता."

घरी नेऊन तिने मला ओल्या फडक्याने पुसलं, टोपी दगडाने ठोकून घट्ट बसवली आणि खोबरेल तेलाचा हात फिरवला. कितीतरी दिवसांनी मला पुन्हा गज असल्यासारखं वाटलं.

अंजनाला एक खोड होती. मनात भरलेलं कापड ती काय शिवायचं ते न ठरवताच घेऊन यायची. घरातल्या पत्र्याच्या ट्रंकेत असे कितीतरी तुकडे साठले होते. आणि दर खेपेला घोळ व्हायचा तो किती घ्यावं याचाच. पिवळ्या फुलांचं चीट परकराला वीतभर कमी पडलेलं. निळी पोपलीन पोलक्याला जास्त आणि झग्याला अपुरी. तुकडे माझ्यावर लावून ती हिशेब मांडत बसायची आणि बनाबाई उंबऱ्यात बसून बडबडायची.

"अगं, माणसं जुंधळं साठवत्यात. तू चिंध्या साठवतीस. कुनाला घालनार हायीस एवढं?"

"घालीन की कुनाला तरी, आत्या," अंजना हसून म्हणायची.

मग सन पासष्टचा भादवा आला आणि पाकिस्तानशी लढाई पेटली. केरूची पलटण सीमेवर होती. त्या दिवसांत घरात मशीन फारसं चाललंच नाही. शेजारच्या रेडिओवर बातम्या लागल्या की दोघी दाराशी जाऊन उभ्या राहत. पुढे लढाई थांबली. आसपासच्या गावांतल्या जवानांची खुशाली एकेका घरी येऊन पोचली. केरूची काही येईना.

दसरा जवळ आला. त्या दिवशी वस्तीतली सगळी माणसं धम्मचक्र दिनाला पांढरे कपडे घालून विहारात जमत. घरात सण करायला कुणाचं मन नव्हतं, पण बनाबाई म्हणाली, "वंदनेला जायाचं ते नव्या कापडातच जायाचं." अंजनाने मला बरोबर घेतलं आणि तिघी दुकानात गेल्या.

"कुणाकुणासाठी हवंय?" चिंतामणरावांनी पांढऱ्या पोपलीनचं ठाण उलगडलं.

"आत्याचं पोलकं, माझं पोलकं, पोरीचा झगा," अंजना म्हणाली. मग ती माझ्या पितळी टोपीवरून नुसता अंगठा फिरवत राहिली. केरूचं कापड घ्यावं, तर तो आहे की नाही हेच माहीत नाही. न घ्यावं, तर तो नाही असं आपणच म्हटल्यासारखं होतं.

चिंतामणरावांचा हात ठाणावरच थांबला.

"केरूच्या शर्टाचं बी फाडा," बनाबाई म्हणाली.

अंजनाने तिच्याकडे पाहिलं. "किती, आत्या? त्यांचं आताचं माप कुठं ठावं हाय? मागल्या सुट्टीला तीन वार लागलं हुतं."

"फौजंचं खाऊन अंग भरलं असंल. साडेतीन फाडा."

"लय झालं तर?"

"झालं तर झालं. कमी पडलं तर जोड कुठनं आनायचा गं?"

चिंतामणरावांनी मीटरची पट्टी उचलली, पण लगेच खाली ठेवली. "आण तो गज," ते अंजनाला म्हणाले. "केरूचं कापड त्यानंच मोजू." कितीतरी वर्षांनी मी त्यांच्या हातात आलो. त्यांनी साडेतीन वार मोजले, ताण न देता, प्रत्येक वाराला कापड थोडं ढिलं सोडत. नंतर घडी घालून दोन्ही हातांनी बनाबाईच्या हातात दिली.

वंदनेच्या दिवसापर्यंत तिघींचे कपडे शिवून झाले. केरूचं कापड मात्र तसंच मशीनवर पडून राहिलं. अंजना ते पसरायची, मला त्यावर ठेवायची, कात्री उचलायची आणि परत खाली ठेवायची. एका दुपारी शेजारची मनुबाई ताक मागायला आली. पसरलेलं कापड पाहून ती दारातच थबकली.

"अंजना, अगं पांडरं कापड असं घरात पसरून बसू नगंस. आदी बातमी तरी येऊ दे. इशाची परीक्षा घ्यावी व्हय?"

ती मनाने वाईट नव्हती. पण तिला काय म्हणायचं होतं ते सगळ्यांना कळलं. मी त्या कापडावरच पडलो होतो. शर्टाचं कापड मला एकदम निराळंच वाटायला लागलं. अंजनाचा चेहरा उतरला. तिने भराभर घडी घातली आणि कापड ट्रंकेच्या अगदी तळाशी लोटलं.

बनाबाई उठली. गुडघ्यांवर हात टेकत ट्रंकेपाशी गेली. वरचे सगळे तुकडे बाजूला सारून तिने ती घडी बाहेर काढली.

"मनुबाई, आपन पांडरं नेसूनच धम्म घेतला. तवापास्नं पांडरं आपल्या सनाचं हाय. त्यानं आपलं वाईट हुईल व्हय?" मग ती सुनेकडे वळली. "शर्टाचं कापड हाय ह्ये. घे कात्री. दोनी अंगांनी शिवनीत भरपूर माया सोड म्हंजे झालं."

मित्रांनो, शिवणीच्या आत जे जास्तीचं कापड राखून ठेवतात त्याला शिवणकामात माया म्हणतात. पुढे माणूस वाढलं की शिवण उसवून ती सोडवता येते.

बनाबाईने कापडाचं एक टोक धरलं, दुसरं मी दाबून ठेवलं आणि अंजनाने कापायला सुरुवात केली. कात्री सरळ चालू लागली. मनुबाई ताक विसरून तिथेच बसली आणि कापलेले भाग उचलून घड्या घालू लागली.

अंग जोडून झालं. बाह्या लावायच्या तेवढ्या राहिल्या होत्या. एवढ्यात दारात बुटांचा आवाज आला. खांद्यावर ट्रंक घेतलेला एक उंच जवान उभा होता.

"केरूचं घर ह्येच न्हवं? मी मानसिंग. त्याच्याच पलटणीतला, फलटणकडचा हाय. टेसनावर उतरलो आन् सरळ हिकडंच आलो."

मशीनचं चाक थांबलं. मानसिंगने त्या तिघींचे चेहरे पाहिले आणि ट्रंक धाडकन खाली ठेवली.

"आवं, तुमाला कायच कळलं न्हाई? चिट्टी लिवून घेतली हुती की त्यानं! केरू बरा हाय. दवाखान्यात हाय. उजव्या हाताला गोळ्याचा तुकडा लागला, हाड मोडलं. पिलास्टर हाय. पन हात वाचलाय, मावशी. दिवाळीमागनं घरी सोडत्यात."

बनाबाई होती तिथेच खाली बसली. आधी हसली, मग पदर तोंडाला लावून रडली, मग रडता रडता परत हसू लागली. मनुबाईने तिला पोटाशी धरलं. अंजना मात्र रडलीही नाही आणि हसलीही नाही. तिने मला उचललं आणि मानसिंगपुढे धरलं.

"दादा, पिलास्टर केवढं जाड हाय? ह्याच्यावर हात ठिऊन दावा."

मानसिंगला आधी काही समजेना. मग मशीनवरचा बिनबाह्यांचा शर्ट त्याला दिसला. त्याने दोन्ही हातांचा घेर करून माझ्यावर टेकवून दाखवला. "येवढं. न्हाई, न्हाई, येवढं."

अंजनाने मापाला बोट लावलं आणि तेव्हा तिच्या डोळ्यांतून धारा लागल्या. त्या माझ्या लाकडावर पडल्या. मित्रांनो, ओलाव्याने लाकूड खराब होतं असं म्हणतात. पण त्या दिवशी मला जे हलकं हलकं वाटलं, ते मी कुठल्या मापात सांगू?

उरलेल्या अर्ध्या वारातून तिने उजवी बाही खांद्यापासून उघडी ठेवून शिवली. तिला कडेने बंद लावले, म्हणजे हात न दुखवता ती बांधता येईल.

दिवाळी सरली आणि केरू आला. फौजेत त्याचं अंग भरलं नव्हतंच. दवाखान्यात तो पार वाळून गेला होता. शर्ट अंगावर चढवून तो आरशापुढे उभा राहिला.

"आये, ह्यात आनि येक केरू मावंल की गं!"

"मावू दे," बनाबाई म्हणाली. "भाकरी हाय घरात. भरशील हळूहळू."

आणि तो भरला. हात बरा झाल्यावर अंजनाने ती बंदांची बाही उसवून साधी केली. पुढच्या उन्हाळ्यात एका बाजूची माया सोडवावी लागली, तेव्हा सासूसुना एकमेकींकडे बघून उगाचच हसत होत्या. त्या दिवसानंतर अंजनाचा घोळ बराच कमी झाला. काय शिवायचं हे ठरलं नसलं तरी कुणासाठी हे ती आधी मनात आणते आणि त्या माणसाच्या मापावर थोडं वाढवून घेते. कधी चुकतंही. पण बेतात बसवण्याच्या नादात माणूस उघडं पडू देत नाही.

बालमित्रांनो, माझं आता वय झालं आहे. मशीनमागच्या खिळ्याला मी टांगलेला असतो आणि हाक आली की खाली उतरतो. तुमच्याही घरी, दुकानात किंवा माळ्यावर माझ्यासारखं एखादं जुनं माप, जुनं हत्यार पडलेलं असेल. ते शेळ्या हाकायला वापरू नका. पुसून, तेलाचा हात लावून ज्याला त्याचं काम येतं त्याच्या हाती द्या. आणि उन्हात किंवा ओलीत तेवढं टाकू नका. लाकूड एकदा वाकलं की गजाला खोटं बोलावं लागतं, आणि मित्रांनो, खोटं बोलण्यापेक्षा आम्हांला चुलीत गेलेलं परवडतं.