वाऱ्याचा दाखला

फुमाने अर्जात एक गोष्ट गाळली असती, तर सारं सुरळीत पार पडलं असतं. पण आदल्याच रविवारी पाद्रीबाबांनी ‘लपवलेलं खरं हे खोट्याचंच भावंड’ असं इतक्या गोड गळ्याने गाऊन सांगितलं, की म्हातारी विरघळली.

ड्रागा खोऱ्यात डुकराची मांडी मिठात मुरवून माळ्यावर टांगतात आणि बुरा नावाचा कोरडा वारा ती सुकवतो. हाच ड्रागाचा प्रशुत. पुढे खोऱ्यातून सरहद्द गेली. खालची आळी क्रोएशियात, वरची स्लोव्हेनियात, आणि नावावर हक्क दोघांचा. मग दोन्ही देशांच्या सामाईक कचेरीचा नियम निघाला : ज्याचा प्रशुत अथपासून इतिपर्यंत स्वदेशी, नाव त्याचं, दुसऱ्याने त्या नावाची पाटी उतरवायची. खालच्या आळीतल्या फुमाच्या दारावरची पाटी आजोबांनी रंगवलेली होती.

नावासाठीच्या अर्जात ‘सुकवण्याचे साधन व मूळ’ या रकान्यात तिने प्रामाणिकपणे लिहिलं : बुरा. स्लोव्हेनियातून येतो.

अर्ज परत आला. परदेशी साधनासाठी तिथल्या रहिवाशाची ना-हरकत जोडावी.

वरच्या आळीत तिचा थोरला भाऊ लोइझे घरजावई होता. त्याचीही पाटी होती, त्याचाही अर्ज होता, आणि दोन वर्षं बोलणं बंद होतं. फुमा प्रशुताचा तुकडा घेऊन चढण चढली.

“दादा, सही हवी.”

“कशावर?”

“वाऱ्यावर.”

लोइझेने कागद दोनदा वाचला. “जन्मभर फुकट वापरलास. आज आठवण झाली होय गं?”

“तुझ्या छपरावरून येतो. कोंडून ठेवायचा होतास.”

त्याने प्रशुत पारखायची हाडाची सुई मांसात खुपसली, हुंगली. “महिनाभर आधी माळ्यावरून उतरवलास. तुला धीर कधी नव्हताच.”

“सही करतोस की जाऊ?”

“केली तर माझी पाटी उतरते, फुमा.”

तिलाही ते ठाऊक होतं.

शेवटी लोइझेने लेखणी उचलली. खोटं त्यालाही जमेना. लिहिलं : वारा माझा नाही, देवाचा आहे. हरकत घेणारा मी कोण?

कचेरीने ते अक्षरशः घेतलं. वाऱ्याच्या खऱ्या मालकाची सही येईपर्यंत निकाल तहकूब. तोवर दोन्ही पाट्या जागच्या जागी राहाव्यात.

फुमाने देवळात मेणबत्ती लावली आणि हात जोडून म्हणाली, “देवा, तुझ्याकडे कागद येईल. सावकाश वाच.”