सोनामुखीची डबी

उभी हयात बस चालवली. सीटवर बसून बसून पोट असं रुसलं, की सोनामुखीच्या चूर्णाशिवाय हलायचं नाव नाही. आधी चिमूट, मग चमचा, मग दोन चमचे. यंदा पायांत गोळे यायला लागले, आणि एकदा संडासातून बाहेर येताना भोवळ येऊन पडलोच. डॉक्टर म्हणाले, "झाडपाला असला म्हणून रोज घ्यायचा नसतो. आतडी आळसावलीत, अंगातले क्षार वाहून चाललेत. हळूहळू सोडा, नाहीतर हृदयावर बेतेल."

मी कुठला सोडतोय. डबी उशाशी ठेवली आणि सूनबाईला बजावलं, "संपली की भरून द्यायची. बाकी काही बोलायचं नाही."

ती बोलली नाही, पण हात धुऊन मागे लागली. उठल्याबरोबर तांब्याभर पाणी, जेवणात पालेभाजी, दुपारी पपई, संध्याकाळी "बाबा, जरा दूध आणा," तेही जवळचं दुकान सोडून पार पलीकडच्या चौकातून. ही सून आहे की डेपो मॅनेजर, असं मी मुलाला ऐकवलं. तो गालात हसला. पुढे पायांतले गोळे गेले, अंगात तरतरी आली. श्रेय मी डबीला दिलं.

परवा कोपऱ्यावरचा न्हावी, माझा जुना दोस्त, पोट साफ होत नाही म्हणून कण्हत बसला होता. मी ऐटीत दोन चमचे पुडीत बांधून दिले. "उद्या दुकान उशिरा उघड," म्हटलं. सकाळी बघतो तर दुकान वेळेवर उघडं आणि याचं तोंड आंबट.

"कसलं औषध रे? नुसती बडीशेपेची पूड होती."

मी रोज पाण्याबरोबर घटकन गिळायचो, चव कधी घेतलीच नव्हती. घरी येऊन चाखली. खरंच की. माझं टाळकं सरकलं. तसाच स्वयंपाकघरात गेलो आणि डबी ओट्यावर आपटली. पपई चिरणारा सूनबाईचा हात थांबला.

"डॉक्टरांना विचारूनच केलं, बाबा. दर वेळी भरताना सोनामुखी थोडी कमी, बडीशेप थोडी जास्त. तुम्ही पडलात तेव्हा तुमचं डोकं मांडीवर घेऊन मीच बसले होते. मला ते परत बघायचं नव्हतं."

"सोनामुखी संपली कधी?"

"महिना झाला असेल."

म्हणजे महिनाभर माझं पोट आपलं आपणच साफ होत होतं. भांडायला आलेला मी, खुर्ची ओढून खाली बसलो.

"पोरी, तुझ्यामुळे जगलो," म्हटलं. "तुझे उपकार फिटायचे नाहीत."

तिने डोळे पुसले आणि पपईची फोड पुढे केली. ती खाल्ली, दुधासाठी पिशवी उचलली. जवळचं दुकान उघडंच होतं. मी पलीकडच्या चौकात गेलो.