पाचशे चाळीस आणि सातशे चाळीस

सासूबाई वजनमापे खात्यातून निरीक्षक म्हणून निवृत्त झाल्या, त्याला सहा वर्षं झाली होती. खातं सुटलं तरी खोड सुटली नव्हती. दुधाची पिशवी घरात आली की त्या आधी हातावर तोलायच्या आणि मगच पातेल्यात रिकामी करू द्यायच्या. कुणी काही छातीठोक बोललं की त्यांच्या डाव्या भुवईला आपोआप चढ यायचा.

तो चढ त्या दिवशी जेवणाच्या टेबलावर आला. थोरल्या मुलाने आपल्या बायकोसाठी लॅपटॉप आणला होता, आणि आठवड्याभरात धाकट्यानेही आपल्या बायकोसाठी आणला. कंपनी एकच, रंगही तोच राखाडी. सगळ्यांच्या नजरेत भरला तो फरक एवढाच, की थोरलीच्या लॅपटॉपच्या खोक्यावर प्रोसेसरचा नंबर पाचशे चाळीस होता आणि धाकटीच्या खोक्यावर सातशे चाळीस.

"वहिनी, वाईट वाटून घेऊ नका हं," धाकटा वाढून घेता घेता म्हणाला, "पण तुमचा जरा मागच्या पिढीतला आहे. आमचा सातशे चाळीस. उघडायच्या आधीच चालू होतो."

थोरली हसली. ती घरी बसून भरतकामाच्या मशीनसाठी नक्षी तयार करायची. फुलाच्या एका पाकळीत चारशे टाके कसे बसवायचे ते तिला विचारावं. हसली खरी, पण त्यानंतर दोन दिवस लॅपटॉपवर काही अडलं की "मागच्या पिढीतला ना, चालायचंच," असं पुटपुटायची. धाकटी पुस्तकं वाचून आपल्या आवाजात रेकॉर्ड करायची. तिलाही नवऱ्याची बढाई आवडली नव्हती, पण नवरा स्वतःचा असल्यामुळे बोलायची पंचाईत.

सासूबाईंना मात्र चैन पडेना. मंगळवारी दोघी सुना दाताच्या डॉक्टरकडे गेल्या तेव्हा त्यांनी रीतसर परवानगी घेऊन दोन्ही लॅपटॉप ताब्यात घेतले. आपल्या खोलीत एक टेबलावर ठेवला, एक पलंगावर. दोन्हीवर धाकटीचं चाळीस मिनिटांचं तेच रेकॉर्डिंग, त्याची लहान फाइल बनवायचं तेच काम लावलं आणि खात्याने निरोपाला दिलेलं स्टॉपवॉच दाबलं. निकाल कागदावर लिहिला, कागद पाकिटात घातला आणि पाकीट डिंकाने चिकटवलं.

रात्री जेवताना त्यांनी जाहीर केलं, "तपासणी झाली. एक लॅपटॉप दुसऱ्यापेक्षा अठ्ठावीस सेकंद पुढे आहे."

"कुठला?" चौघांनी एकदम विचारलं.

"रविवारी सांगेन."

"आई, आत्ता सांगायला काय झालं?"

"आत्ता सांगितलं तर तुम्ही माझ्याशी आठवडाभर नीट वागाल का?"

पुढचे दिवस त्यांच्या आयुष्यातले फार मजेचे गेले. बुधवारी धाकटा ऑफिसातून येताना त्यांच्या आवडीच्या चहाची पुडी घेऊन आला. "आई, सात म्हणजे पाचापेक्षा मोठाच ना? साधं गणित आहे."

"बुटाचा नंबर मोठा म्हणून कुणी जास्त पळतं का?" सासूबाई म्हणाल्या आणि पुडी ठेवून घेतली.

गुरुवारी थोरला हळूच खोलीत आला. वर्षभर गळणारा नळ त्याने सकाळीच दुरुस्त केला होता. "आई, फक्त मान हलव. आमचाच ना?" सासूबाईंनी मान हलवली, पण अशी गोल, की तिचा अर्थ त्याला शेवटपर्यंत लागला नाही.

खरं तर त्या पोटातल्या पोटात हसत होत्या. पुढे होता तो पाचशे चाळीस. धाकट्याचा चेहरा कसा पडेल याची तालीम त्यांनी मनातल्या मनात चार वेळा केली होती.

फक्त एक गोष्ट त्यांना खटकत होती. त्या रात्रीनंतर सुना काहीच विचारत नव्हत्या. उलट शुक्रवारी दुपारी दोघी थोरलीच्या खोलीत दार लावून बसल्या आणि आतून खिदळण्याचे आवाज आले. सासूबाई दारावरून तीन वेळा गेल्या. तिसऱ्या वेळी आतून थोरली म्हणाली, "आई, काही हवंय का?" आणि त्यांना निष्कारण पाणी मागावं लागलं.

रविवारी सकाळी दोघे भाऊ केस कापायला गेले. सासूबाई पाकीट घेऊन टेबलापाशी बसल्याच होत्या, तेवढ्यात दोघी सुना लॅपटॉप घेऊन समोर येऊन बसल्या. उलटतपासणीला बसावं तशा.

"आई, एक शंका आहे," धाकटी म्हणाली. पुस्तकातल्या खलनायकासाठी राखून ठेवलेला आवाज तिने काढला होता. "तपासणी कुठे केलीत?"

"माझ्या खोलीत."

"तुमच्या खोलीत टेबल एकच आहे, आणि तेही एवढंसं."

"मग? दुसरा पलंगावर ठेवला."

"रजईवर?" थोरलीने विचारलं.

"रजई होती. त्याचं काय?"

थोरलीने लॅपटॉप उलटा करून खालच्या बारीक फटी दाखवल्या. "आई, हा पोटाखालून हवा घेतो. रजईने त्याचं तोंड दाबलं. तापला की आपला आपण वेग कमी करतो, जळू नये म्हणून."

दोघींनी मग दोन्ही लॅपटॉप जेवणाच्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवले, तेच काम लावलं आणि स्टॉपवॉच त्यांच्याच हातात दिलं. एकाला चार मिनिटं अकरा सेकंद लागले, दुसऱ्याला चार मिनिटं बारा. ते थंड झाल्यावर थोरलीने आपला पाचशे चाळीस मुद्दाम रजईवर ठेवला. तो अर्ध्या मिनिटाने मागे पडला.

"दुरुस्तीवाल्यांनाही विचारलं मी," धाकटी म्हणाली. "ते म्हणाले, बाई, आत प्रोसेसर एकच आहे. गेल्या वर्षी पाचशे चाळीस म्हणून विकला, यंदा सातशे चाळीस म्हणतात. दारावरची पाटी बदलली, राहणारे तेच."

सासूबाईंच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या. एका कोळशाच्या दुकानदाराला त्यांनी एकदा तासभर झापलं होतं, काटा तिरप्या फळीवर ठेवला म्हणून. पस्तीस वर्षं नव्या निरीक्षकांना पहिल्या दिवशी त्या हेच शिकवायच्या: आधी जागा सपाट आहे का ते बघा. आणि स्वतः सातशे चाळीस रजईत गुंडाळून मोकळ्या झाल्या होत्या.

त्यांनी पाकीट उचललं आणि न उघडताच त्याचे बारीक तुकडे केले. मग त्यांना हसू आलं ते थांबेचना. डोळ्यांना पदर लावत त्या म्हणाल्या, "आठवडाभर कळूनही गप्प बसलात होय गं?"

"शुक्रवारी आम्हीही दोन्ही शेजारी लावून बघितले, तेव्हाच कळलं," थोरली म्हणाली. "पण तुम्ही इतक्या खुशीत होतात, म्हटलं रविवारपर्यंत राहू दे."

"आणि नळ पण दुरुस्त झाला," धाकटी म्हणाली.

मग खरं काय ते बोलणं निघालं. थोरलीला दिवसभर टाक्यांचे आकडे भरावे लागायचे आणि उजवीकडे आकड्यांची वेगळी बटणं होती ती धाकटीच्या लॅपटॉपवर. धाकटीला रेकॉर्डिंगच्या वेळी पंख्याची घरघर नडायची. गोष्टीतली राणी हळूच रडायला लागली की मागून पिठाची गिरणी सुरू झाल्यासारखं वाटायचं. थोरलीच्या लॅपटॉपचा पंखा गरीब होता, हूं की चूं करत नव्हता.

"मग घ्या की बदलून," सासूबाई म्हणाल्या.

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. दुपारपर्यंत फायली इकडच्या तिकडे झाल्या. थोरलीचं निळं कव्हर सातशे चाळीसला चढलं आणि धाकटीचं लाल पाचशे चाळीसला.

भाऊ परत आले ते थेट टेबलाशी. "निकाल?"

सासूबाईंनी चष्मा पुसला. "निकाल राखून ठेवण्यात आला आहे."

"म्हणजे?"

"म्हणजे जेवायला बसा."

पुढच्या रविवारी धाकट्याचा मित्र आला होता. धाकट्याने लाल कव्हरचा लॅपटॉप उघडून त्याच्यापुढे सरकवला. "सातशे चाळीस! बघ, आवाजसुद्धा नाही. जुन्या मॉडेलमध्ये हे मिळायचं नाही."

"वाटतंच," मित्र म्हणाला.

पलीकडे थोरला बायकोच्या निळ्या कव्हरवर बिलं भरत बसला होता. तो हळू आवाजात म्हणाला, "अगं, तुझा हल्ली पळायला लागलाय. काय केलंस?"

"पुसून घेतला," थोरली म्हणाली.

शेजारी सासूबाई मटार सोलत होत्या. त्यांच्या हातून एक शेंग निसटून टेबलाखाली गेली, आणि ती शोधायला त्या वाकल्या त्या बराच वेळ वर आल्या नाहीत.