मालनआईंनी भरलेले नांगे

मोरीत पितळी तांब्या खणकन पडला, तेव्हा कुठं घरात आवाज झाला. सकाळपासून मी आणि सासूबाई एकमेकींशी बोललो नव्हतो.

"दिस उगवल्यापासून तोंड फुगवून बसलीस," तांब्या उचलत मालनआई म्हणाल्या. "मी काय तुजं शेत जाळलं?"

"जाळलं असतंत तर परवडलं असतं, आई."

बोलून गेले आणि जीभ चावली. त्यांच्या टाचांच्या भेगांत कालचा चिखल अजून तसाच होता. तो माझ्यासाठीच तुडवलेला.

आमचं गाव खाडीकाठी, समोर कळव्याचे टॉवर. बांध खचल्यापासून भरतीचं पाणी खाचरात शिरतं. त्या खारात एक राताच तग धरतो. जाड, तांबडा भात. पिकतो थोडा आणि आता कुणाच्या घशाखाली उतरत नाही. ठाण्याच्या कॉलेजातल्या देवयानी मॅडमनी रातातला खार सोसणारा जीन हुडकला, राताचा बारीक पांढऱ्या भाताशी संकर केला. त्याची रोपं आमच्याच खाचरात लावलेली. ज्या रोपात तो जीन आला ते जगणार, नाही आला ते मरणार. मला तेवढंच बघायचं होतं. मेलेल्या रोपाची मोकळी जागा हाच माझ्या पीएचडीचा पुरावा.

नेमका माझ्या सर्वेशला ताप भरला. पोराला मांडीवरून खाली ठेवता येईना, शेताकडं फिरकणं दूरच. आईंनी पाहिलं, सुनेच्या वाफ्यात जागोजाग रोपं करपलीत. त्यांनी राताच्या रोपांच्या उरलेल्या मुठी घेतल्या आणि सगळे नांगे, त्या रिकाम्या जागा, भरून काढले. इथं लावणीत भोक राहिलं की बाईला नावं ठेवतात. माझं माहेर ठाकुर्लीचं, तिसऱ्या मजल्यावरचं. भोकं तशीच राहू द्या असं सांगावं लागेल, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

"कुठली तुमची, ते दाखवाल का?" मी जरा नमतं घेतलं.

"मना काय ठाव? रोपाच्या कपाळावर नाव लिवलंय?" मग हळूच, "लोकं बोलली असती, पोराच्या नादात शेत मारलंन. म्हनून गेलो."



वरवर बघता वाफा छान हिरवागार होता. गप्प बसले असते तर सगळी रोपं खारात जगली असंच दिसलं असतं. तरी मी मॅडमना फोन लावला. 

मॅडम ऐकून घेत राहिल्या. म्हणाल्या, "प्रत्येक रोपाचं पान कापून आण. शुद्ध राता कुठलं ते डीएनए सांगेल. ते उपटायचं आणि तिथलं मूळ रोप मेलं असं धरायचं."

"सगळ्या रोपांची पानं, मॅडम?"

"सगळ्या, योगिनी. नाहीतर यंदाचं वर्ष सोड."

वर्ष सोडलं तर फेलोशिप सुटते, मग पुन्हा कोण उभं करतंय? पोर झोपलं की मी खाचरात, उठलं की घरी. पान कापायचं, नळीत घालायचं, वर नंबर. कंबर धरली, बोटं चिरली. आई छत्री धरून उभ्या, तोंडानं चालूच, "डाकतर माणसाचं बी येवढं रगत काढीत नाय गो."

निकाल आला तशा राताच्या रोपांशेजारी मी तांबड्या काड्या खोचल्या. उपटायला आईच वाकल्या. "मी लावली, मीच काढते. तुज्या हातनं नको." एकेक रोप मुळासकट वर येई, त्या पाण्यात झटकत, आणि मी नंबर बघून म्हणे, "मेलं." पुढचं. "मेलं."

बांधावर बसलेल्या सर्वेशनं एक उचललं. पांढरीशुभ्र मुळं, टवटवीत पातं. त्यानं ते उलटंसुलटं केलं.

"मम्मी, हे तर जगलंय ना? मग तू मेलं का म्हणतेस?"