आधी खाली उतरणारा

आजारी नवरा हिंडू-फिरू लागला की बायका देवाला नारळ फोडतात. धुरपताबाईच्या मनात मात्र संशयाची पाल चुकचुकली. आता हिला काय म्हणावं! पण तिचंही अगदीच चुकत नव्हतं.

तिचा नवरा पेमा वर्षभर भिंतीकडे तोंड करून पडला होता. बहात्तरच्या दुष्काळानंतर साखरा गावाच्या आसपास जो तो विहीर खोल करून घेत होता आणि तांड्यावरची माणसं त्या कामाला जात. काळ्या दगडात भोकं पाडून सुरुंग भरायचे, वाती पेटवून वर यायचं, आणि एकानं दूर बसून आवाज मोजायचे. जितके सुरुंग तितके आवाज झाले की मगच खाली उतरायचं. मोजायचं काम पेमाचं होतं. एके दिवशी विहिरीत घुमलेला पडसाद त्यानं सुरुंगाचा आवाज समजून मोजला आणि ‘उतर’ म्हणाला. उतरला तो त्याचा जिवाभावाचा दोस्त खेमा. राहिलेला सुरुंग त्याच्या पहारीखाली उडाला.

तेव्हापासून घरात भांडं पडलं तरी पेमा कानांवर हात दाबून कोपऱ्यात शिरायचा. भगताचे लिंबू झाले, वसमतच्या डॉक्टरची इंजेक्शनं झाली. लोक समजूत घालायचे, तुझा काय दोष, नशिबाचा खेळ. ते ऐकून तो आणखीच मिटून जायचा.

तोच माणूस यंदा दिवाळी झाल्यावर एकाएकी पहाटे उठू लागला. अंघोळ करून, भाकर न बांधताच निघायचा, सांजेला धुळीनं माखून यायचा आणि पोटभर जेवून घोरायचा. कुठं जाता विचारलं तर ‘कामाला’. कोणत्या, ते नाही. औषधावाचून बरा होणारा पुरुष धुरपतानं पाहिला नव्हता. त्यात शेजारच्या जिवनबाईनं आगीत तेल ओतलं. पेमाची भाकर म्हणे खेमाच्या विधवेच्या, मोतीबाईच्या फडक्यात बांधलेली असते.

धुरपताच्या अंगाचा तिळपापड झाला. वर्षभर घास भरवले मी, आणि उठून बसला तो तिच्यासाठी! दुसऱ्या दिवशी ती लांबून त्याच्या मागं निघाली. वाटेत मोतीबाईला काय काय सुनावायचं, याची तिनं चांगली उजळणी केली.

वाट एका नव्या विहिरीवर जाऊन थांबली. बायका डोक्यावर टोपल्यांनी दगड वाहत होत्या आणि त्यात मोतीबाई होती. धुरपता दुपारपर्यंत बोरीच्या आड बसून राहिली. पण पेमा त्या बाईकडं बघेना, की तिच्याशी बोलेना. संशय खोटा ठरतोय म्हणून तिला उलट रागच आला.

मग वाती पेटल्या. सगळे दूर पळाले. सुरुंग उडाले तेव्हा पेमा बांधाआड गुडघ्यांत डोकं घालून, कान दाबून बसला होता. आवाज थांबले, तरी एकही माणूस विहिरीकडं सरकला नाही. पेमा उठला, पाण्याची बादली घेतली आणि दोराला धरून एकटाच खाली उतरला. काठावर फक्त मोतीबाई येऊन उभी राहिली.

धुरपताच्या पायाखालची वाळू सरकली. बाईचं लफडं परवडलं असतं. ही तर नवऱ्याच्या जिवाचा सूड उगवत होती. धुरपतानं धावत जाऊन तिचं मनगट धरलं.

“माझ्या मालकाला तू धाडून राहिली का खाली?”

“व्हय, मीच.” मोतीबाईनं विहिरीवरची नजर काढली नाही. “माझ्या दारात येऊन म्हणले, मला सजा दे. समदे म्हणत व्हते, तुमची चूक न्हाई. मी म्हणलं, तुमचीच हाय. आता सुरुंग उडाला की आधी तुमी उतरायचं, समदी भोकं बघायची, ऱ्हायलेल्यात पानी वतायचं. मंगच दुसऱ्याच्या लेकरानं.”

“मरावं म्हणून?”

“पयल्या दिवशी, व्हय.”

“अन् आता?”

“आता भाकर मी घिऊन येते. उपाशी मानसाचा हात दोरावरून सुटतो.” तिनं दुसऱ्या हातातलं भाकरीचं फडकं छातीशी धरलं. “त्ये वर येईस्तवर माझ्या तोंडात थुका ऱ्हात न्हाई, धुरपता.”

धुरपतानं मनगट सोडलं नाही, पण आवळलेली बोटं सैल झाली. दोघी खाली बघत राहिल्या. मग विहिरीतून पेमाची हाक आली: एक ऱ्हायला व्हता, इजवला, या आता. इतका खणखणीत आवाज तिनं वर्षभरात ऐकला नव्हता. माणसं विहिरीकडं निघाली. त्यांत मिसरूड न फुटलेली पोरंही होती.

पेमा वर आला आणि बायकोला बघून चोरासारखा थबकला. आता ही घरी ओढून नेणार, हे त्याला ठाऊक होतं. तिलाही तेच करायचं होतं. हात धरावा, घरी न्यावं, दार लावून घ्यावं. घरात तो सुखरूप राहिला असता. वर्षभर राहिलाच होता की.

तिला रडू फुटलं. तिनं पदरानं डोळे पुसले आणि मोतीबाईच्या हातातलं फडकं घेऊन त्याच्यापुढं सोडलं.

“खाऊन घ्या,” ती म्हणाली. “सांजचे सुरुंग अजून हायेत.”