जायबंदींची ओळ

मित्रांनो, मी एक जुना फळा आहे आणि सध्या माझं डोकं फिरलेलं आहे. फिरणार नाही तर काय होईल? लालबागच्या एका चाळीत, जिन्याखाली, पाण्याच्या मीटरांशेजारी मी साठ वर्षं टांगलेला आहे. माझ्यावर संपाच्या बातम्या लिहिल्या गेल्या, दहावीचे निकाल लिहिले गेले, आरतीच्या पाळ्या लिहिल्या गेल्या. आणि आता या वयात माझ्यावर काय लिहितात, तर अमेरिकन फुटबॉल! तोही खरा नाही, संगणकातला. कपाळाला हात लावावा तर मला हात नाहीत, आणि कपाळ सोडून दुसरं काही नाही.

मला कुशाबा सुताराने घडवलं. तो गिरणीच्या सुतारखात्यात होता. मोडीत निघालेल्या एका सागवानी कपाटाची दोन दारं त्याने जोडली, रंधा मारला आणि काळ्या रंगाचे तीन हात दिले. मधली सांध अजून दिसते. पूर्वी दर दिवाळीला मला रंग मिळायचा. आता अठरा वर्षं झाली, एक हात नाही. रंग उडालेल्या फळ्याचं काय होतं, माहीत आहे का? पुसलेलं पुरतं पुसलं जात नाही, फिकट का होईना, मागे राहतं. हे मी किती वेळा सांगावं? पण फळ्याचं ऐकतंय कोण.

माझ्यावर लिहिण्याचा मान एकाच माणसाचा, राजारामचा. तरुणपणी तो आमच्या मंडळाच्या कबड्डी संघात होता. पकडीत जरा कच्चाच, पण अक्षर असं की गावाहून आलेली माणसं उगाच थांबून वाचायची. चाळीचे नियम तेव्हापासून ठरलेले आहेत. खडू राजारामच्या हातात राहील. खोटं लिहायचं नाही. आणि गेलेल्या माणसाचं नाव माझ्यावर नुसतं लिहायचं नाही, मान देऊनच लिहायचं.

मग मोबाइल आले. चाळीचा ग्रुप झाला. कोण जन्मलं, कोण गेलं, पाणी कधी येणार, सगळं त्या डबीत. माझ्यावर कोणी छत्री अडकवली, कोणी पिझ्झाचा कागद चिकटवला. राजाराम रोज सकाळी दूध घेऊन यायचा, माझ्यासमोर क्षणभर उभा राहायचा आणि रिकाम्या हाताने वर जायचा. त्याचं वाईट वाटायचं, आणि खरं सांगायचं तर स्वतःचं जास्त वाटायचं.

यंदा जूनमध्ये दुसऱ्या मजल्यावरच्या अजितने ही लीग काढली. अजित विमा कंपनीत कामाला आहे. आठ संघ, आठ मालक, चौदा फेऱ्या. मालकांनी खेळाडूंना हवी ती नावं द्यायची, शनिवारी संध्याकाळपर्यंत डावपेच लिहून द्यायचे, आणि मग संगणक आपला आपण सामने खेळणार. म्हणजे मैदानावर कोणी उतरत नाही, कोणाला घाम येत नाही, तरी रविवारी सकाळी निकाल तयार! तो ग्रुपवर टाकला की भांडणं जुंपायची. तेव्हा मागच्या इमारतीतली संघमित्रा म्हणाली की निकाल फळ्यावर लिहा, फळ्यावर आलं की चाळीत कोणी वाद घालत नाही. अजितने राजारामच्या हातात कागद दिला. म्हाताऱ्याने तो दोनदा वाचला, काही समजलं नाही, आणि खडूचा नवा डबा आणायला गेला.

हा खेळ मला जेवढा कळला तेवढा सांगतो. लांबट चेंडू काखेत मारायचा आणि पळायचं. चार प्रयत्नांत दहा यार्ड सरकायचं. समोरचे दांडगे अंगावर पडतात. शेवटची रेघ ओलांडली की टचडाऊन, सहा गुण. आमच्या कबड्डीत माणूस दम धरून जातो आणि परत येतो, तेव्हा त्याची किंमत. इथे परत यायचंच नाही म्हणे! असो.

खरी कटकट नावांची झाली. हितेंद्र गिरगावात राहतो, अजितचा मित्र. त्याने आपल्या चेंडूफेक्याला स्वतःच्या नलूमावशीचं नाव दिलं, कारण ती तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून चप्पल फेकायची आणि ती नेमकी लागायची. नलूमावशी हयात आहेत, खुशीत आहेत, तेव्हा प्रश्न नव्हता. पण संघमित्राने आपल्या लालबाग लवंगी संघाच्या पळणाऱ्या गड्याला नाव दिलं कोंडीराम. कोंडीराम म्हणजे तिचे आजोबा, आमच्या कबड्डी संघाचा एक नंबरचा चढाईपटू. त्याला जाऊन दोन वर्षं झालेली.

आता राजारामची पंचाईत. गेलेल्या माणसाचं नाव नुसतं कसं लिहायचं? अजित म्हणाला, काका, हे फक्त खेळातलं नाव आहे. राजाराम बधला नाही. त्याने सवयीने लिहिलं, ‘कै. कोंडीराम, एकशे बारा यार्ड, दोन टचडाऊन’. वाचणारा प्रत्येक जण थांबून डोकं खाजवायचा. मी तर लाजेने उभा फाटायचा बाकी होतो.

बातमी वर पोचली आणि तासाभरात राधाबाई खाली आल्या. कोंडीरामची बायको. नवरा गेल्यापासून ती बाई दोन जिने उतरली नव्हती. मसाल्याच्या गिरणीवर मिरची कांडून जिने घर चालवलं, ती दोन वर्षं खिडकीशी बसून होती. संघमित्राने किती विनवलं, उपयोग शून्य. त्या दिवशी मात्र कठडा धरून उतरल्या, माझ्यासमोर उभ्या राहिल्या आणि राजारामला म्हणाल्या, “भावजी, आम्हा बौद्धांत कै. लिहीत नाहीत. कालकथित लिहा.”

राजाराम ओशाळला. पन्नास वर्षांचा दोस्त, त्याच्या दुःखद बातमीच्या वेळी मी बंद होतो म्हणून ही चूक आजवर झालीच नव्हती, ती आता झाली. त्याने पुसून नीट लिहिलं. राधाबाईंनी ओळ वाचली. मग विचारलं, एकशे बारा यार्ड म्हणजे किती? संघमित्राने सांगितलं, आपल्या चाळीच्या या टोकापासून मसाला गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत. राधाबाई जरा हसल्या.

तेव्हापासून दर रविवारी नऊला त्या खाली यायला लागल्या. नाव वाचायचं, यार्ड विचारायचे, दोन शेजारणींशी बोलायचं, कधी कोपऱ्यापर्यंत जाऊन कोथिंबीर आणायची. संघमित्रा एकदा अजितला म्हणाली की मला ट्रॉफी नको, आजी खाली येते एवढं पुरे. मी हे ऐकलं आणि लीगवरचा माझा राग थोडा आवरला. थोडाच.

मग सातवी फेरी संपली. अर्धा हंगाम. अजितने भलामोठा कागद आणला. गिरगाव गरुड पहिला, सातपैकी सहा विजय. दादर दणका दुसरा, पाच विजय. लालबाग लवंगी तिसरा, चार विजय. तळाला चिंचपोकळीचा संघ, सातही सामने हरलेला, आणि त्याचा मालक तरीही दर आठवड्याला माझ्यासमोर फोटो काढतो. हद्द आहे! पुढे चमकलेले खेळाडू. फेकीत नलूमावशी, अठरा टचडाऊन. पळण्यात पहिला कालकथित कोंडीराम, आठशे बारा यार्ड, नऊ टचडाऊन. आणि सगळ्यात खाली, नेहमीप्रमाणे, जायबंदी खेळाडूंची यादी. त्यात एकच ओळ होती. कोंडीराम, उजवा गुडघा, उरलेला हंगाम बाहेर.

संघमित्राचा चेहरा उतरला. तिने अजितला सामना पुन्हा फिरवायला सांगितलं. अजितला वाईट वाटत होतं, पण तो म्हणाला की एकाचा फिरवला तर सातही जण उद्या रांग लावतील. त्याचंही चुकीचं नव्हतं. ती राजारामकडे वळली. आजोबांचा खराखुरा दुखावलेला गुडघाही उजवाच होता, हे तिघांनाही ठाऊक होतं. आजीने हे वाचलं तर ती पुन्हा खिडकीशी बसेल, असं तिने सांगितलं.  सवयीने राजारामने शेवटची ओळ अर्धी लिहिलीही होती. त्याने ती तळहाताने पुसली आणि नुसता मथळा ठेवला.

मित्रांनो, माझा किती संताप झाला म्हणून सांगू! साठ वर्षांत खोटं नाही, आणि आता एका संगणकाच्या खेळासाठी? ओरडावंसं वाटलं. पण ओरडायला तोंड नाही, आणि आतून मला दुसरीच गोष्ट आठवत होती, ती मला नको होती.

नऊ वाजले. राधाबाई आल्या. वरचा तक्ता त्यांनी पाहिलासुद्धा नाही, आठशे बारा वाचलं, मान हलवली आणि खाली वाकल्या. जायबंदी असा मथळा, त्याखाली काही नाही. पण मी काही नवा रंगवलेला फळा नाही ना. पुसलेलं माझ्यावर राहतं. त्यांनी चष्मा सारखा केला आणि फिकट अक्षरांवरून बोट फिरवलं.

“भावजी, इथे काय पुसलंत?”

राजारामने खडू चौकटीवर ठेवला. संघमित्रा म्हणाली की काही नाही आजी, चुकून लिहिलं होतं. राधाबाईंनी तिच्याकडे बघितलंही नाही.

“तेव्हाही तुम्ही असंच केलं होतं. ‘आपला संघ विजयी’ एवढंच लिहिलं. मी वाचलं, आनंदाने जिलबी आणायला गेले. आणि हे तिकडे हॉस्पिटलात होते, पाय मोडून. मला संध्याकाळी कळलं.”

हीच ती गोष्ट. चाळीस-पंचेचाळीस वर्षं झाली असतील. अंतिम सामन्यात कोंडीरामचा गुडघा गेला. राजारामने तेव्हाही खालची ओळ गाळली होती, नव्या नवरीने घाबरू नये म्हणून. मीच तो अर्धा निकाल दिवसभर मिरवला होता. आणि इतकी वर्षं मी खोटं न लिहिल्याच्या बाता मारतो आहे. लाज वाटली मला, मित्रांनो.

 राजाराम एवढंच म्हणाला, “वहिनी, तुम्ही पुन्हा वर जाऊन बसाल, म्हणून.”

“सहा महिने ते घरी बसले होते. तेव्हा मी त्यांना सोडून गेले होते का?” राधाबाईंनी माझ्या चौकटीवरचा खडू उचलून त्याच्या हातात दिला. “लिहा. दर रविवारी इथे नाव तर राहील.”

राजारामने लिहिलं. सांध ओलांडूनही अक्षर सुंदर आलं. राधाबाई शेवटच्या शब्दापर्यंत थांबल्या आणि मग कोथिंबीर आणायला गेल्या.

आता दहावी फेरी झाली आहे. लवंगी संघ सहाव्या जागेवर घसरला, संघमित्रा डावपेचांवर डोकं आपटते आहे, हितेंद्र शेफारला आहे, आणि मला यातलं काहीच बघवत नाही. परवा अजित काळ्या रंगाचा डबा घेऊन आला. अठरा वर्षं ज्यासाठी तळमळलो तो रंग! नेमकं आत्ताच सुचलं याला. नशीब, राजारामने त्याला हंगाम संपेपर्यंत थांबायला सांगितलं.

तेव्हा मित्रांनो, तुमच्या शाळेत, चाळीत, सोसायटीत माझ्यासारखा कोणी असेल तर त्याला ओल्या फडक्याने पुसू नका, त्याच्यावर छत्र्या टांगू नका, वर्षाकाठी रंगाचा एक हात द्या. आणि लिहाल ते पुरतं लिहा. कोण पहिला आला ते सगळेच वाचतात. आमच्याकडे मात्र दर रविवारी नऊ वाजता एक बाई दोन जिने उतरून येते, वरचा तक्ता सोडून देते, आणि खाली वाकून सगळ्यात शेवटची ओळ वाचते.